बाजाराच्या दिवसाचं नेट

वारंगा फाट्यावर हैदराबादच्या बसला वेळ होता, म्हणून मी रिचार्जच्या टपरीवर थांबलो. माझ्या पुढं तांड्यावरची एक बाई होती. मागं ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये माणसं चढत होती. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि पदरानं पुसला.

"रोजचं दोन जीबी घ्या," दुकानदार म्हणाला.

"आन् न्हाई वापरलं तर?"

"रात्री बाराला संपतं. दुसऱ्या दिवशी नवीन."

"मंग काहून घेऊ? उसाच्या फडात रेंज न्हाई. आमी बाजाराच्या दिवशीच गावात येतो. सगळं त्या दिवशी पुरलं पाहिजे."

"मावशी, मग नेट कशाला? बोलणं तर फुकट आहे."

"मायला ऐकू येत न्हाई. तिला माझं तोंड दिसावं लागतं."

महिनाभरात केव्हाही वापरता येईल असा प्लॅन दुकानदारानं मारून दिला. तिनं तिथंच मायच्या शेजारणीच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. एक शब्दही न बोलता तिनं ट्रककडं बोट केलं, मग पाची बोटं जुळवून ओठांपाशी नेली. जेवलीस का? पलीकडून काय उत्तर आलं ते मला दिसलं नाही. ती हसली आणि ट्रककडं गेली.

मी रोजच्या दोन जीबीचाच प्लॅन घेतला. वाटेत मॅच बघायची होती.

माझ्या आईला अजून चांगलं ऐकू येतं. नांदेड मागं पडलं तरी मी तिला फोन केला नव्हता.