पाहुणी आत आहे

"धू," असं म्हणून सरपंचाच्या पुतण्यानं बूट काढला आणि पाय माझ्या परातीत ठेवला. भर दुपारी, माझ्याच दारात. बरोबर तीन पोरं. एकानं मोबाईल धरलेला.

"तू आल्यागेल्याचे पाय धुतीस म्हनं. माजे बी धू. मीच तुजा येशू."

मी धुतले. हे सांगताना आजही माझी मलाच चीड येते. गुडघे टेकले, पाणी ओतलं, त्याच्या टाचा चोळल्या. वाटलं, माणूस आहे, वरमेल. त्यानं परातीला लाथ घातली. काठ माझ्या तोंडावर आदळला. पुढचा दात तुटला. रक्त आणि त्याच्या पायाचं पाणी एकदमच तोंडात गेलं.

"कागदावर ख्रिस्ती झाली तरी मांगीन ती मांगीनच," तो म्हणाला. पोरं खिदळली. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ उमापूरच्या बाजारात पोचला.

पाय धुणं मी सिस्टर लोकांच्या मठात शिकले. सहा वर्षं तिथं स्वयंपाकाला होते. दाराशी एक म्हातारी सिस्टर बसायची. कुणीही दार वाजवलं की आधी मोठ्यानं "देवाचे आभार" म्हणायची, मग कडी काढायची. पाय धुवायचे, जेवू घालायचं, नाव-गाव नंतर. आलेला पाहुणा म्हणजे येशूच, असा त्यांचा नेम. मला तो फार आवडला. गावात उभ्या जन्मात मला कुणी 'ये, बस' म्हटलेलं नव्हतं. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत धार. माझ्या घरी असं होणार नाही, हे मी ठरवून टाकलं.

आमचं घर वस्तीत शेवटचं, रस्त्याला लागून. रोज दोन भाकरी जास्त थापायला लागले. नवरा हसायचा. "आपल्या घरी कोन मरायला येतंय?" पण आले. परळीच्या वीजकेंद्राची राख वाहणारा ट्रकवाला आला, बांगड्या विकणारी कासारीण आली, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आले. ट्रकवाला तर पाय धुताना ढसाढसा रडला.

दात तुटल्यावर फादर म्हणाले, क्षमा कर. नवरा म्हणाला, दार लाव. मला दोन्ही पटेना. दार लावलं तर तो जिंकला. नुसती क्षमा केली तर तो पुन्हा येणार. महिनाभर मी आतल्या आत धुमसत होते.

मग एक दिवस धनगराची बाई धावत आली. कपाळ फुटलेलं. तिची मेंढरं त्याच पुतण्याच्या कांद्यात शिरली होती आणि तो काठी घेऊन मागे लागला होता. तिनं दार बडवलं. "देवाचे आभार," मी म्हणाले. आत घेतलं, जखमेवर फडकं बांधलं, पुढ्यात भाकरी ठेवली. तेवढ्यात त्याची गाडी दारात थांबली, बरोबर तीच पोरं. चुलीपाशी होते, हातात लोखंडी फुंकणी होती. तशीच बाहेर आले, दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"काढ तिला भाईर."

"पाव्हनी हाय ती माजी. जेवतीया."

"आन् मी कोन? मागं धुतलेस की पाय. सरक."

"तू पाव्हना न्हाईस. पाव्हना हुकूम करत न्हाई."

तोंडातून निघालं तेव्हाच माझं मला उमगलं. मठातल्या म्हातारीला नुसतं दार उघडायला बसवलेलं नव्हतं. आत आलेल्याला राखायचं कामही तिचंच होतं.

पहिली काठी उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. फुंकणी गळून पडली. दुसरी खांद्यावर. त्यानं तिसरी उगारली तेव्हा मी डाव्या हातानं फुंकणी उचलून त्याच्या नडगीवर हाणली. तो किंचाळून खाली बसला. मी पुन्हा हाणली. सरपंचाच्या घरातला माणूस मांगिणीच्या दारात लोळताना वस्तीनं पहिल्यांदा पाहिला. पोरांनी त्याला उचलून गाडीत घातला. पाहुणी जेवून उठली.

ठाण्यात लिहिणारा म्हणाला, "बाई, तू ख्रिस्ती. तुला ॲट्रॉसिटी लागत न्हाई."

"मंग साधी मारहान लिवा. लिवल्याबिगर उठत न्हाई."

मोडका हात मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत बसले. त्यानं लिहिलं. धनगराच्या बाईनं साक्षीला अंगठा दिला.

रविवारी फादरांपुढं पाप कबूल केलं. "तो पडल्यावर पुन्यांदा हाणलं, त्याची माफी मागते. दार उघडलं न्हाई, त्याची मागनार न्हाई."

आता निरोप येतात. केस मागं घे, नाहीतर घर पेटवू. मी घेणार नाही. दोन भाकरी जास्तच थापणार. तो एकटा, उपाशी, रिकाम्या हातानं आला आणि त्यानं दार वाजवलं, तर त्यालाही वाढीन. मला ते फार जड जाईल, पण वाढीन. काठी घेऊन आला तर उंबऱ्यावर मी आहे. मला पाडल्याशिवाय आतल्या माणसाला त्याचा हात लागणार नाही. आणि मी सहजासहजी पडणारी नाही.