एक स्वतःचं, एक योसेफचं

१९७३च्या पहिल्या सकाळी राहात्याजवळच्या आमच्या चर्चमध्ये हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन बाप्तिस्म्याची वचनं नव्याने देताना मार्थाबाईंनी दोनदा उत्तर दिलं. दुष्काळ होता. त्यांचा मुलगा योसेफ खडी फोडायला गेला, त्याला पाच महिने झाले होते, निरोप नव्हता.

"देवावर विश्वास ठेवता का?" फादरांनी विचारलं.

"होय," सगळे म्हणाले. मागाहून मार्थाबाईंचा एकटा आवाज आला, "व्हय."

"मार्थाबाई, एकदाच म्हणायचं."

"एक माजं, फादर. दुसरं योसेफचं. बाप्तिस्म्याला तान्हा हुता, तवाबी त्येच्यासाठी मीच म्हनले हुते."

कुणीतरी हसलं. पुढच्या प्रश्नानंतर फादर त्यांच्या दुसऱ्या उत्तरासाठी थांबले.

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला ते थांबणं आठवतं. गेल्या महिन्यात मी चर्चचं जुनं रजिस्टर पाहिलं. योसेफच्या बाप्तिस्म्याच्या ओळीपुढे लग्नाची नोंद नाही, मृत्यूचीही नाही.