आबांचा नवा गाडा

नवा गेम कन्सोल बाजारात आला की त्यावर उड्या कोण टाकतं, हे शोधायला कंपन्या उगाच कॉलेजच्या पोरांचं डोकं खातात. भाजे गावात येऊन माझ्या धाकट्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, एकदा पाहिलं असतं तर त्यांचे कष्ट वाचले असते.

आबा सत्तरीचे. टोपी पांढरी, मिशा त्याहून पांढऱ्या आणि धीर नावाला नाही. कन्सोल आला त्या दिवशी लोणावळ्यातल्या दुकानाचं शटर उघडायच्या आधीच ते मला घेऊन पायरीवर ठाण मांडून बसले होते. "आबा, नातवासाठी का?" दुकानदाराने विचारलं. "का? त्याला हात हायेत आन् मला काय खुरं हायेत?" दुकानदार म्हणाला, टीव्हीला जोडा, नाहीतर उचलून कुठंही न्या. आबांनी एवढंच विचारलं, "खाटंवर बी चालंल?" मला वाटलं, म्हातारा आता दिवसभर लोळत खेळणार.

घरी आल्याआल्या आबांनी कन्सोलला बैलांना लावायचा तसा भंडारा लावला. काकू ओरडत राहिली. तो भंडारा अजून बटणांच्या फटीत आहे. आबांनी हयातभर बैलगाडा पळवला. गुडघे गेले, बैल गेले, पण खोड गेली नाही. कन्सोलवरच्या मोटारींच्या शर्यतीलाही त्यांनी गाड्याचेच नियम लावले. आमच्याकडे गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्टीवर, सरळ वर पळतो, वळण ही भानगडच नाही. म्हणून आबा पहिल्याच वळणावर थेट कठड्यात. "रस्ताच चुकीचा बांधलाय," असा त्यांचा निकाल. शिवाय आमच्या गाड्यापुढे स्वार घोडी पळवतो आणि तिच्यामागे बैल सुटतात. त्यामुळे सुरुवातीचा झेंडा पडला तरी आबा जागचे हलायचे नाहीत. "आदी घोडी तर सुटू दे!" सगळ्या मोटारी दिसेनाशा झाल्या की हे निघणार, शेवटून पहिले येणार आणि वर आमच्यावर डाफरणार. पारावरच्या म्हाताऱ्यांना हा तमाशा इतका आवडला, की पुढचा माल कधी येतो म्हणून तेही लोणावळ्याच्या त्या पायरीवर जाऊन बसू लागले. एकदा कंपनीचा टायवाला माणूस मागणी नक्की कुणाची आहे हे विचारायला आला. दुकानदाराने पायरीवरच्या टोप्या दाखवल्या. त्याला ती चेष्टा वाटली.

एका दुपारी आबा कन्सोल पिशवीत घालून गुपचूप निघाले. मीही भोचकपणे मागोमाग गेलो. ते गेले गफूरभाईंकडे. आबांच्या गाड्यापुढे जन्मभर घोडी पळवली ती गफूरभाईंनी. अर्धांगाने उजवी बाजू गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. बोलत नसत, जेवत नसत. त्यांनी स्वतः मनावर घेतलं नाही तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबांनी कन्सोल खाटेवर उभा केला आणि त्याच्या कडेची बटणांची पट्टी काढून गफूरभाईंच्या डाव्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. अंगठा दाबला की मोटार धावते, हात कलवला की वळते.

"गफूर, घोडी सोड. मी मागं हाय."

झेंडा पडला. बाकीच्या मोटारी गेल्या. ह्या दोघांच्या तेवढ्या उभ्या. आबा बसून राहिले. बऱ्याच वेळाने गफूरभाईंनी मान वळवली, आणि अंगठा हलला.

आता रोज दुपारी शर्यत असते. गफूरभाई उशीला टेकून बसतात, दोन घास खातात आणि अडखळत का होईना, आबांचा उद्धार करतात. "लय मागं राह्यलास. बैल म्हातारं झालं का?"

परवा मी आबांना घरी एकटे खेळताना पाहिलं. प्रत्येक वळण सफाईने घेऊन पठ्ठ्या चक्क पहिला आला. दुसऱ्या दिवशी गफूरभाईंकडे मात्र वाट मोकळी असूनही आबांनी शेवटच्या वळणावर मोटार हळू केली. परतताना मी म्हटलं, "आबा, तुम्हाला पुढं जाता येत होतं की!"

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता शिवी येणार.

"पुढं घोडीच न्हाई राह्यली," ते हळूच म्हणाले, "तर बैलांनी पळायचं कुनामागं?"