बॅटरीची बेरीज बरोबर होती

“बॅटरी चांगली आहे, ताई. वापरायची अक्कल लागते.”

हे वाक्य माझं. फोनवर बोललो. पलीकडे करुणाताई पुलगावच्या एका शाळेच्या ऑफिसात बसल्या होत्या. त्या तिथे क्लार्क आहेत. बोर्डाचे फॉर्म भरणं चालू होतं, हात रिकामा नव्हता, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मुख्याध्यापिका, दोन शिक्षक आणि शिपाई, सगळ्यांनी ते ऐकलं. स्पीकरचं मला नंतर कळलं. पण माहीत असतं तर वेगळं बोललो असतो, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी थूल. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये नोकरी केली, आता रिटायर होऊन बोरगाव मेघेत राहतो. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून घरीच लिथियमचे पॅक बनवायला शिकलो. सायकलचे, सोलर लाइटचे. लोक ‘थूल काकांचा पॅक’ म्हणायला लागले आणि ते मला जरा जास्तच आवडलं.

करुणाताईंना लहानपणी पोलिओ झाला. नाचणगावहून शाळेत त्या तीनचाकीनं जातात. तिला मोटर बसवलेली. जुनी बॅटरी जड होती आणि संपत आली होती. त्यांचे मिस्टर प्रमोदभाऊ टेलरिंग करतात. ते माझ्याकडे आले आणि मी छत्तीस व्होल्टचा पॅक बनवून द्यायचं कबूल केलं. रविवारी देतो म्हणालो.

पॅक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बोटाएवढे सेल असतात. चार-पाच सेल जोडून एक रांग होते आणि अशा दहा रांगा एकापुढे एक लावायच्या. आत एक छोटा बोर्ड असतो, त्याला बीएमएस म्हणतात. तो राखणदार. कोणतीही एक रांग जास्त भरली की तो चार्जिंग बंद करतो, कोणतीही एक रांग रिकामी झाली की मोटर बंद करतो. एका नळाखाली दहा भांडी आहेत आणि पहिलं भांडं भरलं की नळ बंद, असं समजा. बाकीची अर्धी असली तरी. म्हणून दहाही रांगा आधीच सारख्या भरून घ्याव्या लागतात. त्याला सेल बॅलन्स करणं म्हणतात. कामात अवघड काही नाही, फक्त दोन दिवस लागतात.

मला शनिवारी दोन रांगांचे सेल कमी पडले. शेल्फवर वर्षभर पडलेला एक डबा होता. त्यातले काढले. मीटर लावला तर नव्या सेलपेक्षा थोडे उतरलेले. चालता चालता होतील सारखे, असं म्हणालो. बॅलन्सिंग करणारा बोर्डही लावला नाही, साधा लावला. निळं कव्हर चढवलं. दिसायला पॅक फार सुंदर झाला.

पंधरा दिवस बरा चालला. मग अर्ध्या रस्त्यात बंद पडू लागला. प्रमोदभाऊ एसटीनं पॅक घेऊन आले. मी चार्जर लावला. हिरवा लाइट आला. मीटरवर ४१.३ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर बेचाळीस यायला हवेत, म्हणजे जवळपास बरोबर. मी पॅक उघडलाच नाही. ते निळं कव्हर फाडावं लागलं असतं. “चार्जिंगला जास्त वेळ ठेवत जा,” एवढं सांगून त्यांना परत पाठवलं.

ज्या एक्स्चेंजमध्ये मी नोकरी केली तिथे रोज प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा लिहावा लागे. आमचे साहेब रजिस्टर बघताना म्हणायचे, “टोटल मले नको सांगू. सगळ्यात कमजोर कोण आहे, ते सांग.” इतकी वर्षं हे ऐकलेला माणूस घरच्या टेबलावर टोटल बघून मोकळा झाला.

त्यानंतर करुणाताईंचा फोन आला आणि मी ते वाक्य बोललो.

आठवड्याभरात प्रमोदभाऊ पुन्हा दारात. कापडी पिशवीत पॅक. शाळेच्या वाटेवरच्या पुलाच्या चढावर मोटर बंद पडली होती. गाडी मागे घसरली. करुणाताईंनी एका हातानं ब्रेक दाबला, दुसऱ्यानं चाक धरायला गेल्या. मनगट मुरगळलं. पायांचं काम ज्यांचे हात करतात, त्यांच्या मनगटाला काय किंमत असते ते मला त्या क्षणी कळलं. माणसं धावली, एकानं चाकामागे दगड लावला, म्हणून निभावलं.

प्रमोदभाऊ चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “करुणा म्हणे, काकाले काई बोलू नका. माह्याकूनच चार्जिंग कमी राह्यली असन.”

ते गेल्यावर मी पॅक फुल चार्ज केला, कव्हर कापलं आणि एकेक रांग मोजली. आठ रांगा ४.२१. त्या दोन जुन्या रांगा ३.८२. बेरीज केली तर तीच, ४१.३. हिरवा लाइट लागत होता तो त्या आठ रांगांचा. दोन रांगा कधी भरतच नव्हत्या, आणि त्या संपल्या की राखणदार मोटर बंद करत होता. ताईंनी दिवसभर चार्जिंगला ठेवला असता तरी काही फरक पडला नसता.

बायकोनं जेवायला बोलावलं, तर भूक नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्रमोदभाऊंनी फोन करून विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, “एक कनेक्शन लूज होतं.” तोंडातून सहज निघालं. आधीच्या चुकीला आळस तरी म्हणता आलं असतं. हे मात्र ठरवून केलं.

मग दोन्ही जुन्या रांगा काढून टाकल्या. नवे सेल घातले. प्रत्येक रांग वेगळी चार्ज करून एकाच व्होल्टेजवर आणली, आठ दिवस ठेवून रोज मोजली. कोणतीच उतरली नाही. बॅलन्सिंग करणारा बोर्ड लावला. आधी भरलेल्या रांगेतला करंट तो थोडा थोडा उतरवतो, म्हणजे मागे राहिलेल्या रांगेला भरायला वेळ मिळतो. पहिल्यांदाच एवढं केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पॅक घेऊन नाचणगावला जाता आलं असतं. पण मी अक्कल काढली होती ती शाळेच्या ऑफिसात. म्हणून शाळेत गेलो. ताईंच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. त्या डाव्या हातानं लिहीत होत्या. फोनच्या वेळी होती तीच मंडळी तिथे होती.

मी उभ्यानंच बोललो. “ताई, बॅटरी माझ्यामुळे बंद पडत होती. दोन रांगा जुन्या सेलच्या घातल्या आणि जुळवल्या नाहीत. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. कनेक्शन लूज होतं म्हणालो, तेही खोटं.”

शिपाई बाहेर निघून गेला. मुख्याध्यापिका फाइलीत बघू लागल्या.

ताईंनी पेन खाली ठेवला. “तुमाले हे कवा समजलं?”

“पॅक उघडला तेव्हा.”

“मंग पह्यले काऊन नाई उघडला?”

“आळस केला. आणि आपली चूक असेल असं वाटलंच नाही.”

त्या म्हणाल्या, “मी तं घरी सगळ्याइले सांगतलं, मलेच समजत नाई म्हणून.”

मी पॅक त्यांच्या टेबलावर ठेवला.

पॅक त्यांनी लगेच घेतला नाही. दहाही रांगांचे आकडे बाहेरून दिसले पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. “आता तुमच्यावर नाई सोडत,” असंही म्हणाल्या, अगदी शांतपणे. मी पॅक परत नेला, प्रत्येक रांगेची वायर बाहेर काढली, छोटा मीटर बसवला आणि तो वाचायचा कसा ते दाखवून आलो. एकदा दाखवलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

मनगट बरं झालं, पण जोर दिला की दुखतं. पुलाच्या चढावर अजूनही प्रमोदभाऊ सोबत चालतात. बॅटरी एकदाही बंद पडलेली नाही, तरी चालतात.

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. सातव्या रांगेत फरक दिसून राह्यला, म्हणाल्या. आकडा सांगितला. फरक किरकोळ होता, सोडून देण्यासारखा. मी पहिल्या एसटीनं नाचणगावला गेलो, पॅक घरी आणला आणि उघडला.

तक्रार आली की आधी पॅक उघडायचा, तोंड नंतर.