आप्पांची डावी मूठ

आमच्या गल्लीतले आप्पा पक्के बहिर्मुख. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तिथे मानसशास्त्र शिकलो म्हणून हा शब्द मला ठाऊक. गल्ली त्यांना नुसते बोलके म्हणते. शहाद्याच्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला ते कधी आलास म्हणून ओट्यावरून हाक मारतात, "काय भो, कव्हय उना?"

त्यांची बायको, आमची अक्का, गेली तेव्हा सांत्वनासाठी द्वारदर्शनाला आलेल्यांनाच ते धीर देत होते, थट्टाही करत होते. त्या बैठकीतच त्यांच्या डाव्या हाताची मूठ मिटली, ती पुन्हा उघडली नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांना शिरांत काही दोष सापडला नाही. आता नखे रुतून तळवा चिघळला आहे, हात जाईल अशी भीती आहे. आप्पा मात्र हसतात, "हाऊ हात मन्हं आयकस नही. सासरवाडीना दिखस!"

अशा माणसाचे न बोललेले दुःख शरीर बोलते, असे आमच्या सरांनी शिकवले होते. काल धीर करून मी विचारले, "आप्पा, अक्का गई तव्हय तुम्ही रडनात का?"

आप्पांनी थट्टा करायला तोंड उघडले. तोच त्यांच्या मिटलेल्या मुठीची बोटे आपोआप, सावकाश उलगडू लागली. तळव्यात कुणीतरी बसले असावे, तसे ते खाली पाहत राहिले.

मग घाईघाईने उजव्या हाताने त्यांनी ती बोटे पुन्हा घट्ट मिटवली.

"ऱ्हाऊ दे भो तिले मझार," ते कुजबुजले. "बाहेर उनी ते निंघी जाई."