नाव घ्या, मग गाडा सोडते

आमच्या गावच्या यात्रेत माईकवर बाईचा पुकारा कधी होतो, ते आधी सांगते. पोरगं हरवलं तर. त्यातही तिचं नाव नसतंच. 'अमक्याच्या आई, जिथं असाल तिथून देवळापाशी या' एवढंच. बाकी दोन दिवस कर्णा पुरुषांची नावं ओरडत असतो. पालखीला खांदा कोणाचा, गावदेव नाथाला पोशाख कोणाचा, कुस्तीच्या आखाड्यात नारळ कोण फोडणार, तमाशाचा फड कोणी आणला, सगळं साऱ्या शिवाराला ऐकू जातं. घोड नदीपलीकडच्या वस्तीवरचा माणूस घरात बसून सांगू शकतो की आमच्या गावात यंदा कोणाची चलती आहे. आणि त्याच दोन दिवसांत पाहुण्यांसाठी मासवड्या थापून बायकांचे हात दुखून येतात, त्याबद्दल कर्णा चकार शब्द काढत नाही.

याचं मला वाईट वाटायचं नाही. राग यायचा. वाईट वाटलं की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसणं मला माहेरीही जमलं नव्हतं.

बैलगाड्यांच्या शर्यतीवरची बंदी उठली आणि आमच्या घाटावर पुन्हा गुलाल उडायला लागला, त्यानंतरच्या सुगीत आमच्याकडे दोन खोंडं आली. एक पांढरा, एक कोसा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. यात्रेच्या मैदानाला लागून चढावर केलेली ती धावपट्टी. दोन बैल पुढं, दोन मागं गाड्याला, त्यांच्यापुढं घोडीवरचा स्वार आणि गाड्यात माणूस नाही. एका वेळी एकच गाडा पळतो. ती त्याची बारी, आणि नंबर लागतो तो घड्याळावर. बारी चालू असताना निवेदक माईकवर गाडामालकाच्या नावाचा नुसता गजर करतो. डोळ्याचं पातं लवतं तोवर सगळं संपतं, पण त्या तेवढ्यासाठी लोक वर्षभर बैल सांभाळतात.

खोंडं हौसेनं आणली माझ्या नवऱ्यानं. सांभाळली मी. तो कारेगावच्या बाजूला कंपनीत, शिफ्टवर. घरी आला की गोठ्यात डोकावून "बरे हायेत ना?" म्हणायचा आणि झोपायचा. उडदाचं भरड, कणकेचे गोळे, दूध, अंडी, हे भरवणं माझ्याकडे. नदीला पाणी असलं की त्यांना पोहायला नेणं माझ्याकडे. पांढरा पहिल्यापासून तापट, माझ्यासारखाच. दुसरं कोणी जुवाखाली धरायला गेलं की शिंग उगारायचा, लाथा झाडायचा. मी कासरा धरला, की मान खाली घालून उभा. त्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट ठरूनच गेली होती. मी नसले तर पांढरा जुंपला जाणार नाही.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात टोकन घ्यायला मी स्वतः गेले. यात्रा कमिटीचे मोठे म्हणजे आबा, माझे चुलत सासरे. सतरंजीवर बसून गाड्यांची नोंद करत होते.

"कुणाच्या नावानं लिवायचा गाडा?"

"माझ्या."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "बरं" म्हणाले. आबांचं 'बरं' म्हणजे 'बघू' आणि 'बघू' म्हणजे नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. म्हणून मी त्या दिवशी भांडले नाही. भांडायची जागा सतरंजी नव्हती.

घरी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, कळलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बाया घाटावर जात न्हाईत. गाड्याला चांगलं नसतं."

"बैलांचं शेण काढणारी बाई चालती, त्यांना भरवणारी चालती. पळायच्या येळीच कशी चालत न्हाई, आत्याबाई?"

"मला नगं इचारू. पर म्या न्हाई यायची बघायला. लोकं हसतील."

"हसू द्या."

त्या खरंच आल्या नाहीत. मला लागलं ते. लोक हसले असते तर चाललं असतं, घरातलं माणूस पाठीशी नाही हे बरं नव्हतं वाटत. पण पाऊल मागं घ्यायचं मनातही आलं नाही.

पुढची जोडी माझ्या भावाची. दौंडकडून टेम्पोत घालून आणलेली. भाऊ माझ्याहून धाकटा, बोलायला कमी, बैलातलं कळणारा. आमची बारी दुपारी लागली. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंच्या बांधांवर माणसं, झाडांवर माणसं, टेम्पोच्या टपांवर माणसं. अलीकडे चार-दोन बायका लांबून बघायला उभ्या राहतात, पण घाटात उतरलेली मी एकटीच. पदर खोचला, पांढऱ्याचा कासरा धरला आणि उभी राहिले. कोणीतरी शिट्टी मारली. मारू दे म्हटलं.

निवेदक बाहेरगावचा तरुण पोरगा, गळा मात्र असा की बैलाच्याही अंगावर काटा यावा. त्यानं माईक तोंडाशी धरला आणि नाव घेतलं. कैलासवासी अमुक अमुक यांचा गाडा. माझे सासरे.

सासरे वारले तेव्हा ही खोंडं जन्मालाही आली नव्हती. माणूस देवासारखा होता, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मेलेल्या माणसाचा गाडा पळतो आणि जित्या बाईचा पळत नाही, हा कुठला न्याय?

झेंडेवाल्यानं सोडा म्हणून हात केला. पुढं घोडी थयथयायला लागली. मी कासरा सोडला नाही.

"काय झालं?" निवेदकानं माईकवरूनच विचारलं.

"नाव चुकलंय," मी ओरडले.

स्टेजवर कुजबुज झाली. मग नाव आलं माझ्या नवऱ्याचं. मी मान हलवली. पुन्हा कुजबुज. मग नवऱ्याचंच नाव, आणि पुढं 'यांच्या सौभाग्यवती'. बांधावर हशा झाला. मी कासऱ्याचा हाताला आणखी एक वेढा दिला. मग निवेदक बिचारा गोड आवाजात म्हणाला, "वहिनीसाहेबांचा गाडा."

"वहिनीसाहेब गावात पन्नास हायेत," मी म्हटलं. "माझं नाव घ्या, मग गाडा सोडते."

आता हसणं थांबलं. आबा स्टेजवरून उतरून तरातरा खाली आले. चेहरा लालबुंद.

"अगं, ह्या घाटावर बाईचं नाव कवा घेतलं न्हाई."

"मग आज घ्या."

"बारी बाद करीन."

वर्षभराचे कष्ट, भावानं एवढ्या लांबून आणलेली जोडी, सगळं त्या एका शब्दात जाणार होतं. मी भावाकडे पाहिलं. तो पुढच्या जोडीपाशी उभा होता, बैलाच्या पाठीवर हात ठेवून. तो आबांकडे न बघताच म्हणाला, "बाद तर बाद. ताई सोडत न्हाई, तर म्या बी सोडत न्हाई."

तेव्हा माझ्यात बळ आलं. मला माझं लग्न आठवलं. वरात दारात आली तेव्हा हेच आबा उंबऱ्यात आडवा हात लावून उभे होते. नवऱ्याचं नाव घे, मग आत सोडतो. मी लाजत होते, पाय दुखत होते, सगळी भावकी हसत होती, आणि आबा काही हात काढत नव्हते.

"आबा," मी म्हटलं, "तवा तुमी दार अडवलं व्हतं. नाव घेतल्याबिगर घरात घेतलं न्हाई मला. आज म्या घाट अडवलाय. एकदा घेतल्यानं माझी जीभ झडली न्हाई. तुमची बी झडणार न्हाई."

बांधावरून कंपनीतल्या पोरांचा गलका सुरू झाला. आमच्या गावात खोल्या घेऊन राहणारी ती पोरं, बिहारकडची. त्यांना आमच्या गावची रीत माहीत नाही, हे किती बरं झालं. एक जण ओरडला, "अरे, भाभी का गाड़ा है तो भाभी का नाम बोलो ना!" मग आमचीही पोरं ओरडायला लागली. कोणाला माझी बाजू पटली होती आणि कोणाला नुसती बारी बघायची घाई होती, ते मला सांगता येणार नाही. उन्हात घाट खोळंबला होता, मागं गाडे रांगेत होते.

माझा नवरा रजा टाकून आला होता, स्टेजखाली भावकीत उभा होता; निवेदकानं शेवटी त्यालाच वर ओढलं. "भाऊ, वहिनींचं नाव काय?" म्हणून माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

माझ्या नवऱ्यानं मला लग्नापासून 'अगं' म्हणूनच हाक मारलेली. चार माणसांत तर तेवढंही नाही, नुसता खाकरतो. तो त्या माईककडे साप बघावा तसा बघत राहिला. आबा त्याच्याकडे बघत होते, सगळी भावकी बघत होती. मी त्याला खूण केली नाही, विनवणीही केली नाही. एवढंच मनात आलं, की आज हा नुसता खाकरला तर मी बैल सोडवून सरळ घरी नेईन आणि पुन्हा घाटाचं नाव काढणार नाही.

तो खाकरला. आणि मग त्यानं माझं नाव घेतलं. हळू घेतलं, पण कर्ण्याला हळू कळत नाही.

निवेदकानं ते झेललं आणि असं काही उंच नेलं की मी कासरा सोडून कधी बाजूला झाले, मला समजलंच नाही. भिर्रर्र झालं, गाडा सुटला. धुरळा उठला. पांढरा मान काढून पळत होता आणि कर्ण्यातून माझं नाव, नुसतं माझं, पुढं बाप नाही, मागं नवरा नाही, एकामागून एक येत होतं. मी धुरळ्यात उभी राहून रडले. आनंदानं रडले, रागानंही रडले, की एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं करावं लागलं.

गाडा पहिल्यात आला नाही, दुसऱ्यात आला. आबा नंतर म्हणाले की मघा बैलांना ताटकळत ठेवलं म्हणून पहिला नंबर गेला. असेल. मला त्याचं काही नाही. मी आबांच्या पाया पडले आणि पुढच्या सालचंही आत्ताच सांगून ठेवलं.

संध्याकाळी बैल घेऊन वस्तीवर आलो तेव्हा आत्याबाई दारात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. बोलणी खायची माझी तयारी होती. त्यांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"कर्णा हितवर येत व्हता," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"लई येळा घेतलं तुझं नाव."

"व्हय, आत्याबाई."

त्या पांढऱ्याच्या कपाळावरचा गुलाल पुसायला लागल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "फुडल्या साली माझं घाल."

मला आधी वाटलं, टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. मी म्हटलं, घालते की, आणि त्यांचं नाव घेऊन दाखवलं, रेशनकार्डावर आहे ते.

"ते न्हवं," आत्याबाई म्हणाल्या. "ते हितं आल्याव ठिवलेलं. माझं माहेरचं घाल."

एवढी वर्षं एका चुलीवर जेवलो, आणि ते नाव मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. तो तिथंच उभा होता आणि आईच्या तोंडाकडे बघत होता. मी विचारलं, काय होतं?

त्यांनी सांगितलं. इतक्या हळू की मला नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी बैलाच्या कपाळावरचा हात काढला, आमच्या दोघांकडे वळल्या आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, मोठ्यानं.