तेल पाजलेला खांब

गवंडीकामात तीस वर्षं गेली, आणि त्यात मी इतक्या थापा मारल्या की त्यांच्या विटा पाडल्या असत्या तर जालन्यापासून भोकरदनपर्यंत दुतर्फा भिंत उभी राहिली असती. ही गोष्ट मात्र त्या विटांतली न्हाई. ती सांगताना माझाही आवाज खाली येतो.

भोकरदनच्या पुढच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्याचे सहा खांब खराब झाले होते. सळई गंजून फुगलेली, वरचं सिमेंट पापुद्र्यासारखं सुटलेलं, आणि डोक्यावर दोन वर्ग. खांब पाडायचे नव्हते. डागडुजी करून त्यांच्याभोवती काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनच्या चिकात भिजवून गुंडाळायचं होतं. कामावरच्या इंजिनियर मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मामा, धागा आडवाच बसला पाहिजे. वरून भार आला की खांब पोटात फुगू पाहतो, कापड त्याला आवळून धरतं. कोपरे घासून गोल करा. धारेवर धागा तुटतो."

"आणि तुटलाच तर?"

"लोखंड आधी वाकतं, माणसाला पळायला वेळ देतं. हे शेवटपर्यंत ताठ राहतं आणि मग एकदम जातं."

मी मान डोलावली. संध्याकाळी पारावर मात्र सांगितलं की या कापडाचा लंगोट नेसून माणूस उसाच्या ट्रकखाली गेला, तर ट्रक पंक्चर होतो आणि माणूस चहा मागतो. मेंढरं राखून म्हातारे झालेले एक बाबा तिथं होते. त्यांच्या दोन नाती त्याच शाळेत. ते हसून हसून खोकले.

आता माझी करणी. माझ्या उस्तादानं घालून दिलेली रीत अशी, की कुठल्याही कामात पहिला खांब तेलात कालवलेल्या शेंदरानं पुजायचा. सिमेंटच्या कामात त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. इथंही घासून, धूळ झाडून तयार केलेला खांब मी छातीपासून गुडघ्यापर्यंत माखला, हात जोडले, फडक्यानं पुसला आणि वर कापड चढवलं. सिमेंटनं किती तेल पिलं, हे फडक्याला काय कळणार?

रेझिन कडक झाल्यावर नाण्यानं ठोकून पाहिलं. पाच खांब टणटणीत वाजले. पहिला बद्द वाजला, आतून पोकळ असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरणार होते. शेंदूर कुणी पाहिला नव्हता. रंगाचा डबा उघडाच होता, एक हात मारला की खांब नवरदेवासारखा दिसला असता. ब्रश मी खरंच हातात घेतला होता. तेवढ्यात मॅडम आल्या.

"मॅडम, पहिल्या खांबाला मी तेल पाजलंय. कापड सुटलंय. तळहाताएवढं."

आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट होती त्याहून लहान करून सांगितली. मॅडमनी नाणं घेतलं आणि ठोकत ठोकत खडूनं रेघ ओढली. रेघ गुडघ्यापासून निघून छातीच्या वर गेली, तेव्हा त्या थांबल्या. ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टेकू लावा. सगळं कापून काढा, तेल गेलेलं सिमेंटसुद्धा. काम होईपर्यंत इथं एक पोरगंही नको."

सकाळी मी ग्राइंडर चालू करतोय तोच ते बाबा नातींना घेऊन आले. म्हटलं, "बाबा, आठ दिवस पोरी इथं आणू नका. हा खांब न सांगता बसू शकतो. चूक माझी हाय."

बाबा हसायला लागले. "आता कोन्ता ट्रक पंक्चर करून राह्यला रे?"

त्यांचं हसू माझ्या तोंडाकडं बघता बघता विरलं. त्यांनी दोन्ही नातींचे हात धरले, मागं वळले, आणि फाटकातून आत येणाऱ्या पोरांना काठी आडवी करून म्हणाले, "चला, देवळाकडं. आज शाळा तिथं."

मी ग्राइंडर खांबाला लावला.